सिलिकॉनला लावलेली टाकी

पाटा झिजून गुळगुळीत झाला की वरवंटा नुसता घसरतो, चटणी वाटली जात नाही. मग टकाऱ्याला बोलावून पाट्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खडबडीत करून घ्यायचा. आता बारामती एमआयडीसीतल्या शेडांवर सौर पॅनेलं दिसतात, शिर्सुफळच्या माळावर महानिर्मितीचा 50 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. पॅनेलांतल्या आजच्या सिलिकॉन सेललाही पाट्यासारखीच टाकी लावलेली असते, छिन्नीऐवजी कॉस्टिक सोड्याची.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी 1954 मध्ये सिलिकॉनचा सौर सेल दाखवला, तो जेमतेम 6 टक्के कार्यक्षम होता. चकचकीत सिलिकॉन सुमारे 35 टक्के ऊन आल्या पावली परत पाठवतं. त्याची चकाकी म्हणजे वाया गेलेलं ऊनच. वरून पातळ लेप देऊन ते थोडंफार अडवलं जाई.

टाकीची युक्ती उपग्रहांच्या निकडीतून आली. उपग्रह-संपर्काच्या कॉमसॅट कंपनीच्या हेनॉस आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत असा टाकी लावलेला, परावर्तनविरहित सेल मांडला. इतर सुधारणांसह तो 15 टक्क्यांच्या आसपास पोचला आणि दिसायला काळा झाला.

कॉस्टिक सिलिकॉनला सगळीकडून सारखं खात नाही. स्फटिकाची काही प्रतलं ते झपाट्याने कुरतडतं, काहींपुढे अडतं. त्यामुळे नीट दिशेने कापलेल्या चकतीवर काही मायक्रॉन उंचीचे पिरॅमिड आपोआप उभे राहतात, प्रत्येकाचा उतार 54.7 अंशांचा. एका उतारावरून उडालेला किरण शेजारच्या उतारावर आपटतो. पस्तीस टक्क्यांचे पुन्हा पस्तीस टक्के, म्हणजे जेमतेम 12 टक्केच निसटतात. लेप दिला की तेही घटतात.

यासाठी साहित्यही साधंच: 80 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेलं पाणी, कॉस्टिक आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. साखर कारखान्यांत बाष्पीभवनाच्या नळ्यांतला थर काढायला कॉस्टिकच उकळतात, त्यामुळे बारामतीच्या उसाच्या पट्ट्याला ते नवं नाही. जुन्या निळ्या, बहुस्फटिकी पॅनेलांवर मात्र ही मात्रा चालेना. तिथे कणाकणाची दिशा वेगळी, म्हणून आम्लांचं मिश्रण वापरावं लागलं.

पाट्याची टाकी झिजते, पुन्हा लावावी लागते. सेलची काचेआड जन्मभर टिकते. पण माळावरची धूळ त्या काचेवर बसली, तर टाकीने वाचवलेलं ऊन वरच्या वरच अडतं. ती मात्र पुन्हा पुन्हा पुसावी लागते.