गोदी कामगारांचे संघर्ष, मुंबई

मुंबई बंदरात मालाची चढउतार करणारे कामगार आणि त्यांना कामावर लावणारे ठेकेदार, जहाज कंपन्या व पोर्ट ट्रस्ट यांच्यातील झगड्यांचा इतिहास. संप बहुधा वेतनाच्या मागणीवरून झालेले दिसतात; परंतु त्यांच्या मुळाशी पुष्कळदा दुसराच प्रश्न होता. आज काम मिळाले, उद्या मिळेल काय, हा तो प्रश्न होय.

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली. त्यानंतर प्रिन्सेस गोदी (१८८०), व्हिक्टोरिया गोदी आणि अलेक्झांड्रा गोदी (१९१४, पुढे इंदिरा गोदी) बांधण्यात आल्या. गोदीतील काम कधीच सारख्या प्रमाणात नसे. कापसाच्या हंगामात जहाजांची रीघ लागे, तर पावसाळ्यात धक्के ओस पडत. सर्वाधिक गर्दीच्या दिवशीही माणसे कमी पडू नयेत, म्हणून ठेकेदार गरजेहून अधिक माणसे दाराशी तिष्ठत ठेवीत. जहाजावरील काम स्टीव्हडोर, तर धक्क्यावरील काम टोळीवाले करवून घेत. जहाजाच्या कठड्यापाशी एका ठेकेदाराची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होई. कामगार मात्र दोन्हीकडे रोजंदारीचाच असे. कोणाला टोळीत घ्यायचे हे मुकादम ठरवी. ज्याच्या हाती हजेरी, त्याच्या हाती कामगाराची मजुरीही, अशी ही व्यवस्था होती.

गोदीतील काम एका साखळीने चालते. खणातील टोळी थांबली की क्रेन थांबते, क्रेन थांबली की शेड रिकामी होत नाही आणि शेडपाशी उभ्या वाघिणी अडकून पडतात. खोळंबलेल्या जहाजाचा दररोजचा खर्च चालूच राहतो, तर आयातदारावर विलंबशुल्क चढत जाते. संप थोड्या दिवसांचा असला, तरी साचलेले काम उपसण्यास त्याहून अधिक काळ लागतो. त्याची झळ दूरवर पोहोचे. सोलापूर समुद्रापासून दूर, पण तेथील पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाल्यापासून यंत्रांचे सुटे भाग व रंग यांसाठी ते शहर मुंबई बंदरावर विसंबून होते. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर १९६० नंतरच्या दशकात शिधावाटप चालले, तेव्हा जहाज रिकामे होण्यातील विलंब हा थेट शिधापत्रिकाधारकाचा प्रश्न झाला. गोदी कामगारांचे सामर्थ्य याच गोष्टीत होते आणि त्यांच्यावर होणाऱ्या टीकेचे मूळही येथेच आहे.

रोजगाराचे नियमन करण्यासाठी कामगारांची नोंदणी करावी, अशी शिफारस व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालातच केली होती. ती अंमलात येण्यास मात्र दोन दशके लागली. दरम्यान युद्धकाळातील वाढते काम, महागाई आणि फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांचे बंड यांमुळे गोदी परिसर अशांतच होता. गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला व त्याखालील मुंबईची योजना १९५१ मध्ये तयार झाली. नोंदणीकृत कामगारांना पाळीपाळीने काम, काम नसल्यास हजेरीभत्ता आणि महिन्यातील ठराविक दिवसांच्या वेतनाची हमी मिळाली. योजनेची अंमलबजावणी करणाऱ्या गोदी कामगार मंडळात शासन, मालक व कामगार या तिघांचेही प्रतिनिधी असत. कामगारांच्या संघटनाकार्यात प्लॅसिड डिमेलो यांचा वाटा मोठा होता. जॉर्ज फर्नांडिस यांनीही मुंबईतील आपल्या कार्याचे धडे त्यांच्याच हाताखाली घेतले. मुकादमाच्या मर्जीची जागा नोंदवहीने घेतली, हे या लढ्याचे सर्वांत टिकाऊ फलित म्हणावे लागेल. वेतनवाढ महागाईत विरून जाते. नोंदवहीतील नाव तसे विरत नाही.

नियमनाने संप संपले नाहीत. त्यांचे स्वरूप पालटले. ठेकेदाराविरुद्धच्या स्थानिक झगड्यांऐवजी सर्व प्रमुख बंदरांच्या एकत्रित मागण्या पुढे आल्या. डिमेलो १९५८ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेतनश्रेणींच्या प्रश्नावर देशव्यापी संप झाला. बंदर व गोदी कामगारांसाठी १९६४ मध्ये वेतनमंडळ नेमले गेले. मार्च-एप्रिल १९८४ च्या संपात देशातील प्रमुख बंदरांचे काम तीन आठवड्यांहून अधिक काळ ठप्प झाले होते.

त्याच वर्षी जानेवारीत खाडीपलीकडे, उरण परिसरात, नव्या मुंबईसाठी संपादिल्या जाणाऱ्या जमिनींवरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले व गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. उरण तालुक्यातच न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. पेट्याऐवजी (नगानगाने हाताळल्या जाणाऱ्या मालाऐवजी) बंद कंटेनर आले आणि खणात उतरणाऱ्या टोळ्यांची गरजच घटली. संपाने जे झाले नव्हते, ते यंत्राने केले. मुंबईचे गोदी कामगार मंडळ १९९४ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. न्हावाशेवा येथे खाजगी धक्क्याचा करार १९९७ मध्ये झाला. तेथील बरेचसे काम कंत्राटी कामगार व कंटेनरवाहक मालमोटारींचे चालक करतात. सोलापूरचे टॉवेल आता याच मार्गाने परदेशी जातात.

प्रमुख बंदरांतील कामगार महासंघांनी २८ ऑगस्ट २०२४ पासून पुकारलेला संप आदल्या दिवशी झालेल्या वेतनकरारामुळे टळला. हा करार १ जानेवारी २०२२ पासून लागू धरण्यात आला. कंत्राटी चालकांचा त्यात समावेश नव्हता.