शेक्सपिअरचा चेहरा : एका जुन्या चित्राची चौकशी



आमच्या गावच्या घरी ओटीवर एक जुना फोटो टांगलेला आहे. तुर्की टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात काठी. हे आमचे पणजोबा, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने सारा गोतावळा जमला असता आमच्या वयोवृद्ध फुफीने चष्मा पुसून तो फोटो न्याहाळला आणि म्हणाली, "हे आमचे दादा नव्हेत. दादांचे मेहुणे आहेत हे. बोटीवर नोकरीला होते." झाले! घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे, नाक पाहा, आपल्याच घराण्याचे आहे. दुसरा म्हणे, दादांनी उभ्या आयुष्यात हातात काठी धरली नाही. फोटोच्या मागे नाव नाही, साल नाही. वाद वलीम्याच्या जेवणापर्यंत चालला आणि तसाच राहिला.

आपण म्हणाल, स्मरणिकेत हे घरगुती पुराण कशाला? सांगतो. नेमका असाच वाद जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नाटककाराच्या चित्राबद्दल अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यात भले भले विद्वान आमच्या नातेवाईकांसारखेच भांडले आहेत. हा नाटककार म्हणजे विल्यम शेक्सपिअर. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचे 'ऑथेल्लो' मराठीत आणले, आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि देवलांचा 'झुंजारराव' तर रंगभूमीवर गाजला. म्हणजे हा माणूस आपल्यालाही परका नाही. त्याचे रुंद कपाळ आणि मानेपर्यंत रुळणारे केस आपण पाठ्यपुस्तकांत पाहिलेले असतात. पण तो खरोखर तसाच दिसत होता, हे कोणी सांगितले?

शेक्सपिअर १५६४ साली जन्मला आणि २३ एप्रिल १६१६ रोजी वारला. त्याच्या हयातीत, त्याला समोर बसवून काढलेले आणि त्याचेच असे निर्विवाद सिद्ध झालेले एकही चित्र आज उपलब्ध नाही. ज्यांच्याबद्दल फारसा वाद नाही अशा गोष्टी दोनच. पहिली, त्याच्या मित्रांनी १६२३ साली त्याच्या ३६ नाटकांचा जो मोठा ग्रंथ छापला, त्याच्या आरंभीचे मार्टिन ड्रूशाउट याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र. दुसरी, स्ट्रॅटफर्ड गावच्या चर्चमध्ये भिंतीत बसवलेला त्याचा अर्धपुतळा. तोही १६२३ पर्यंत तेथे लागला होता. त्या वेळी शेक्सपिअरला प्रत्यक्ष पाहिलेली पुष्कळ माणसे जिवंत होती. ग्रंथातल्या चित्राशेजारी तर त्याचा स्नेही बेन जॉन्सन याने आपल्या आद्याक्षरांनिशी पद्य लिहून चित्रकाराची भलावण केली आहे. तेव्हा ही दोन रूपे त्याच्याशी जुळणारी असली पाहिजेत, असे मानायला हरकत नाही.

अडचण एवढीच, की दोन्ही नीरस आहेत. ड्रूशाउटचे डोके धडाच्या मानाने मोठे आहे आणि ताटलीत ठेवल्यासारखे कॉलरवर बसलेले दिसते. पुतळा पाहावा तर पोटभर जेवून उठलेला एखादा व्यापारी वाटतो. 'हॅम्लेट' लिहिणारा माणूस असा कसा असेल, असे रसिकांना वाटू लागले आणि ते दुसरा चेहरा शोधू लागले. पुढच्या बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ येथे आहे.

असा मनाजोगता चेहरा एका चित्रात होता. पुढे ते ज्या सरदार घराण्याकडे गेले त्यावरून त्याला 'चँडॉस चित्र' म्हणतात. सुमारे ५५ सेंटिमीटर उंच आणि ४४ सेंटिमीटर रुंद असा लहानसा कॅनव्हास. काळा अंगरखा, पांढऱ्या कॉलरचे बंद सैल सोडलेले, दाढी, सावळा वर्ण, पाणीदार डोळे आणि एका कानात सोन्याची बाळी. चित्रावर सही नाही, नाव नाही, साल नाही. अगदी आमच्या ओटीवरच्या फोटोसारखे.

मग ते शेक्सपिअरचे कशावरून? जमिनीच्या तंट्यात वकील काय विचारतो ते आठवा. ही जमीन तुमच्याकडे कोणाकडून आली? त्याच्याकडे कोणाकडून? एकेक फेरफार काढत तो मागे मागे जातो. या चित्राचे फेरफार जॉर्ज व्हर्च्यू नावाच्या एका चिकाटीच्या चित्रकोरक्याने १७१९ साली आपल्या टिपणवहीत उतरवून ठेवले. चित्र तेव्हा रॉबर्ट केक या वकिलाच्या घराण्याकडे होते. केकने ते ४० गिन्या देऊन घेतले होते. त्याआधी ते बेटर्टन या नामवंत नटाकडे होते आणि त्याच्याही आधी विल्यम डॅव्हेनंट या नाटककाराकडे. चित्र काढणारा टेलर नावाचा असून तो शेक्सपिअरचा जवळचा मित्र होता, असेही व्हर्च्यूने नोंदले आहे. लंडनच्या चित्रकारांच्या संघाच्या दप्तरात जॉन टेलर नावाचा एक चित्रकार पुढे संशोधकांना सापडला, म्हणजे ही नोंद अगदीच हवेत नव्हती.

व्हर्च्यूच्या पुढची वाट सरळ आहे. केककडून निकल घराणे, तेथून लग्नसंबंधाने चँडॉसचे ड्यूक, त्यांच्याकडून बकिंगहॅमचे ड्यूक. हे शेवटचे ड्यूक कर्जात इतके बुडाले, की १८४८ साली त्यांच्या स्टो येथील वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात एल्समिअरच्या अर्लने ३५५ गिन्यांना हे चित्र घेतले. १८५६ साली लंडनला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी स्थापन झाली तेव्हा त्याने ते तिला भेट दिले. गॅलरीच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक १ आहे.

आता या साखळीतली कच्ची कडी पाहा. डॅव्हेनंट १६०६ साली ऑक्सफर्डला जन्मला. त्याचे वडील तेथे मद्यगृह चालवीत आणि येता-जाता शेक्सपिअर तेथे उतरत असे, अशी आख्यायिका आहे. डॅव्हेनंट स्वतःला शेक्सपिअरचा मानसपुत्र म्हणवून घेई, आणि रंगात आला म्हणजे त्याहून जवळचे नातेही सुचवी, असे त्याच्या समकालीनांनी लिहून ठेवले आहे. शेक्सपिअर वारला तेव्हा हा दहा वर्षांचा होता. मोठेपणी तो नाटक मंडळीचा चालक झाला आणि शेक्सपिअरची नाटके करू लागला. 'हे पाहा, खुद्द त्याचे चित्र माझ्याजवळ आहे', असे म्हणण्यात त्याचा फायदा होता. साक्षीदार वेळेने आणि ठिकाणाने जवळचा आहे खरा, पण त्याचा हेतू स्वच्छ आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय त्याच्याकडे चित्र कोणाकडून आले, हा पहिलाच फेरफार सिद्ध झालेला नाही.

चित्रावर शंका घ्यायला हे कारण पुरेसे होते. पण मित्रांनो, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही इंग्रज विद्वानांचा आक्षेप निराळाच होता. शेक्सपिअरच्या नाटकांचा संपादक जॉर्ज स्टीव्हन्स याने या चेहऱ्याच्या रंगाची टर उडवली. त्याला तो ज्यू वाटला, नाहीतर कावीळ झालेला धुराडी साफ करणारा! १८६४ साली, म्हणजे शेक्सपिअरच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, फ्रिस्वेल नावाच्या लेखकाने शेक्सपिअरच्या चित्रांवर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की आपला अस्सल इंग्रज शेक्सपिअर असा काळसर आणि परदेशी मुद्रेचा असेल अशी कल्पनाच करवत नाही.

हे दोन आक्षेप शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिला फेरफार कोठे आहे, हा प्रश्न पुराव्याचा आहे. आमचा माणूस असा दिसूच शकत नाही, हे म्हणणे पुराव्याचे नाही. ज्या कवीने मूर जातीच्या सावळ्या सेनापतीला आपल्या शोकांतिकेचा नायक केले, त्याच्याच चित्राला त्याच्या भक्तांनी रंगावरून बाजूला सारावे, याला काय म्हणावे! जुन्या चित्रावरचे व्हार्निश काळाने पिवळे-तपकिरी पडते आणि गोरा चेहराही सावळा दिसू लागतो, ही साधी गोष्टही ते विसरले. कानातल्या बाळीचेही तसेच. त्या काळी इंग्लंडातले मोठे मोठे पुरुष कानात घालीत. सर वॉल्टर रॅले याच्या १५८८ सालच्या चित्रात त्याच्या कानात मोती आहे.

उलट, मनासारखा चेहरा असला की पारख किती ढिली होते, तेही सांगितले पाहिजे. 'फ्लॉवर चित्र' म्हणून एक चित्र स्ट्रॅटफर्डला होते. त्यावर १६०९ हे साल घातलेले आणि चेहरा ग्रंथातल्या चित्राशी तंतोतंत जुळणारा. ड्रूशाउटने याच्यावरूनच आपले चित्र कोरले, असे कित्येकांनी मानले. त्याखाली मेरी आणि बाळ येशू यांचे जुने चित्र दडलेले आहे, हे क्ष-किरणांनी आधीच दिसले होते. २००५ साली त्याच्या रंगांची तपासणी झाली तेव्हा त्यात क्रोम यलो हा पिवळा रंग सापडला. हा रंग १८१४ च्या सुमारास प्रथम वापरात आला. म्हणजे ड्रूशाउटने त्यावरून चित्र काढले नसून, ड्रूशाउटच्या चित्रावरूनच कोणीतरी दोनशे वर्षांनी ते रंगवले होते.

दुसरे 'जान्सेन चित्र'. ते वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहे. १९८८ साली ते साफ केले तेव्हा वरचा थर निघून खाली भरपूर केस असलेला माणूस दिसला. कपाळ नंतर कोणीतरी रंगाने मोठे केले होते! टक्कल पाडले म्हणजे शेक्सपिअर झाला, असा हिशेब. तिसरे, ज्यावर १५८८ साल आणि वय २४ असे लिहिले आहे ते 'ग्रॅफ्टन चित्र'. त्याचे साल आणि वय शेक्सपिअरशी बरोबर जुळते. पण त्या तरुणाच्या अंगावरचे तांबडे भरजरी कपडे हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलाला त्या वयात परवडणारे नव्हते.

२००६ साली नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आपल्या दीडशेव्या वर्षी ही सारी दावेदार चित्रे एकत्र मांडली. त्याआधी काही वर्षे टार्न्या कूपर या विदुषींच्या देखरेखीखाली त्यांची तपासणी झाली होती. चँडॉस चित्राच्या बाबतीत असे आढळले, की रंग आणि काम १६०० ते १६१० च्या सुमाराचे आहे. दाढी आणि केस मागाहून कोणीतरी थोडे वाढवले आहेत. कानातली बाळी आणि सैल बंद मात्र मूळचेच आहेत. चित्र शेक्सपिअरचे असण्याचा संभव इतर सर्वांपेक्षा अधिक, पण सिद्ध झालेले नाही, असा निर्णय कूपरबाईंनी दिला. ज्या संस्थेचा पहिला क्रमांकच त्या चित्राचा आहे, तिने स्वतः असे म्हणावे, याला धैर्य लागते.

पण वाद मिटला म्हणता? त्याच प्रदर्शनात जान्सेन चित्र पाहून कॉब नावाच्या गृहस्थांना आपल्या आयर्लंडमधल्या घरातले एक चित्र आठवले. २००९ च्या मार्चमध्ये स्टॅन्ली वेल्स या मान्यवर अभ्यासकांनी ते कॉब चित्र शेक्सपिअरचे हयातीतले चित्र म्हणून जाहीर केले. गोरा, देखणा, उंची कपड्यांतला तरुण! वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. कूपरबाई आणि कॅथरिन डंकन-जोन्स यांच्यासारख्या जाणकारांचे मत मात्र असे, की तो १६१३ साली लंडनच्या टॉवरमध्ये विषप्रयोगाने मारला गेलेला सर थॉमस ओव्हरबरी असावा. १६१० च्या सुमारास शेक्सपिअर ४६ वर्षांचा होता आणि चित्रातला माणूस तेवढा वाटत नाही. मला स्वतःला दुसरा पक्ष पटतो. पण वेल्ससारखा माणूस एका बाजूला आहे, हेही आपल्याला सांगणे भाग आहे.

चँडॉस चित्रातला माणूस माझ्या मते शेक्सपिअर असावा. डॅव्हेनंट बढाईखोर होता हे कबूल. पण त्याच्या काळी शेक्सपिअरला पाहिलेली म्हातारी माणसे होती आणि भलताच चेहरा दाखवून त्यांची फसवणूक करणे सोपे नव्हते. रुंद कपाळ ग्रंथातल्या चित्राशी जुळते, पण यावर मी फार भर देणार नाही. आमच्या घरातले नाकाचे भांडण मला आठवते. वहीत 'असावा' असेच लिहीन, 'आहे' असे लिहिणार नाही. परीक्षेत असे उत्तर लिहिले तर गुण कापले जातील काय, असे कोणी विद्यार्थी विचारील. निदान मी तरी कापणार नाही.

गेल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा ओटीवरचा तो फोटो खाली काढला. फुफी आता हयात नाही. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले : 'फुफीच्या सांगण्याप्रमाणे दादांचे मेहुणे, बोटीवर नोकरीस. घरातील इतरांच्या समजुतीप्रमाणे दादा.' खाली तारीख आणि माझे नाव घातले आणि फोटो पुन्हा त्याच खिळ्याला लावला.