बल्लाळशहाचा अनाम श्वान

ज्या नगराच्या परकोटाची रेषा एका कुत्र्याच्या धावेने आखून दिली, असे तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत, त्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, नगराने त्या कुत्र्याचे नाव मात्र जतन केले नाही. राजाचे नाव उरले, राणीच्या शहाणपणाची कथा उरली, झरपट नदीच्या पात्रातील ज्या खळग्याच्या पाण्याने राजाची व्याधी हरपली त्या खळग्याचे स्थान उरले, आणि ज्या सशामागे हे सारे घडले त्याच्या कपाळावरील शुभ्र ठिपकाही लोकस्मृतीत उरला. श्वान तेवढा अनाम राहिला. घरी आणलेल्या काळ्याभोर पिल्लाला ‘रेवन’, ‘ड्रॅकुला’, ‘शॅडो’ अशी पाश्चात्त्य गॉथिक कथांच्या छायेतली नावे देण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही रुजू लागली आहे, आणि तिचा विचार करताना मला वारंवार हा अनाम श्वानच आठवतो.

पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा वर्धा नदीच्या काठी बल्लारपुरास राज्य करीत होता. त्याच्या सर्वांगावर गाठी उठलेल्या होत्या आणि कोणत्याही वैद्याचा उपाय चालत नव्हता. एके दिवशी शिकारीस गेला असता तहानेने व्याकुळ होऊन तो झरपटेच्या कोरड्या पात्रात आला, तेथे एका खळग्यात साचलेले पाणी त्याने प्राशन केले, हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला अनेक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तो ज्या ज्या अंगाला पाणी लागले होते तेथील गाठी मावळल्या होत्या. राजाने त्या ठिकाणी पुन्हा जाऊन स्नान केले, अचलेश्वराने स्वप्नात दर्शन दिले, आणि त्या जागी देवालय बांधण्याचे ठरले. त्या बांधकामाच्या देखरेखीसाठी जाता-येता एकदा एक विपरीत दृश्य राजाच्या दृष्टीस पडले: कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता, आणि जातिवंत कुत्रा त्या एवढ्याशा प्राण्यापुढे जीव घेऊन पळत होता. ससा कधी वेडावाकडा धावे, कधी मोठे वर्तुळ घेई. अखेरीस कुत्र्याने उलटून सशाला ठार केले. राजाने हा प्रकार राणीला सांगितला, तेव्हा तिने सल्ला दिला, की ज्या मार्गाने हा पाठलाग झाला त्याच मार्गावर तट घालून नगर वसवावे, आणि जेथे सशाने कुत्र्याला गाठले व जेथे कुत्र्याने सशाला मारले त्या दोन जागी बुरूज विशेष भक्कम करावेत, कारण संकट येईल ते त्या दोन ठिकाणीच येईल.

१८६९ साली चांद्याचे डेप्युटी कमिशनर मेजर ल्युसी स्मिथ यांनी जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला, तेव्हा जमिनीचा दर्जा, गावांचे मालगुजार आणि वसुलाचे आकडे यांच्याबरोबर गोंड घराण्याच्या परंपराही त्यांनी आस्थेने नोंदवल्या. सरकारी दप्तराने अशा कथांना जागा द्यावी ही त्या काळच्या कित्येक अधिकाऱ्यांची रीत मोठी उपकारक ठरली आहे. नाहीतर मुखोद्गत इतिहास सांगणारी माणसे गेली तेव्हा त्यांच्याबरोबर तो इतिहासही गेला असता.

ही कथा एकट्या चांद्याची नाही. तुंगभद्रेच्या तीरी विजयनगराच्या स्थापनेविषयी आणि साबरमतीच्या तीरी १४११ साली वसलेल्या अहमदाबादेविषयीही ससा शिकारी कुत्र्यांवर उलटल्याची अशीच आख्यायिका सांगतात. दुबळ्याला बळ देणारी भूमी राजधानीस योग्य, हा त्यातला आशय सर्वत्र समान आहे. अभ्यासक या साम्यावरून कथा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात कशी गेली याचा शोध घेतील. मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. यांपैकी एकाही आख्यायिकेने कुत्र्याचे नाव सांगितलेले नाही. भूमीच्या गूढ सामर्थ्याची साक्ष देण्यासाठी कुत्रा हवा होता, पण त्याला व्यक्तित्व देण्याचे प्रयोजन कोणालाच भासले नाही.

आता ज्या गॉथिक परंपरेतून आजची नावे निवडली जातात तिच्याकडे वळू. इंग्रजीतील पहिली गॉथिक कादंबरी म्हणून जिची गणना होते ती ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ साली प्रसिद्ध झाली. तिचा कर्ता होरेस वॉलपोल हा श्वानप्रेमी गृहस्थ होता. टोकदार कमानींचे, रंगीत काचांच्या खिडक्यांचे आपले स्ट्रॉबेरी हिल हे निवासस्थान त्याने मध्ययुगीन मठाच्या धाटणीवर सजवले. तरुणपणी १७३९ मध्ये आल्प्स ओलांडत असताना त्याच्या लहानग्या स्पॅनियलला भरदिवसा लांडग्याने उचलून नेले. कादंबरीला शोभावा असा तो प्रसंग. पण त्या दुर्दैवी कुत्र्याचे नाव होते ‘टोरी’, म्हणजे इंग्लंडातल्या एका राजकीय पक्षाचे. लॉर्ड बायरनने १८०८ मध्ये आपल्या वारलेल्या कुत्र्याचे थडगे न्यूस्टेडच्या भग्न मठाच्या परिसरात बांधले; त्या कुत्र्याचे नाव ‘बोट्स्वेन’, म्हणजे जहाजावरचा एक हुद्देदार. काळोखाची, भग्न वास्तूंची, मृत्यूच्या सान्निध्याची ही साहित्यसृष्टी ज्यांनी निर्माण केली, त्यांनी स्वतःच्या घरातल्या कुत्र्यांना अगदी नित्याची, घरगुती नावे दिली. आणि ज्या कुत्र्याच्या भयाने सारे इंग्लंड थरारले, तो १९०१-०२ मध्ये कॉनन डॉयलच्या लेखणीतून उतरलेला बास्करव्हिल घराण्याचा काळा श्वान, त्याला तर नावच नाही. भयाचा कुत्रा अनाम असतो आणि मायेच्या कुत्र्याला नाव असते, हे चांद्याच्या आख्यायिकेइतकेच बास्करव्हिलच्या कथेतल्या डार्टमूरच्या माळरानावरही खरे ठरते.

गॉथिक वृत्तीला जे जे साहित्य लागते ते ते चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत विपुल आहे, याची जाणीव आपल्या नव्या पिढीला कोणी फारशी करून दिलेली नाही, आणि मला त्याचा मनापासून खेद होतो. चांद्याच्या परकोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार दरवाजे असून त्यांखेरीज पाच खिडक्या आहेत. त्यांतली एक चोर खिडकी आणि एक मसण खिडकी. स्मशानाकडे जाण्यासाठी तटातून काढलेली वाट लोक आजही त्याच नावाने ओळखतात. दरवाजांवर हत्तीला पायाखाली घेतलेल्या सिंहाची गोंड राजचिन्हे कोरलेली आहेत. अचलेश्वराच्या परिसरात गोंड राजांच्या समाध्या आहेत, आणि त्यांत राणी हिराईने आपल्या पतीसाठी, बीरशहासाठी, उभारलेली समाधी आहे. बीरशहाचा वध परक्या शत्रूने केला नाही. त्याच्याच तैनातीतील हिरामण नावाच्या राजपुताने, ज्याच्या तलवारीविषयी राजाला अतोनात कुतूहल होते, तीच तलवार त्याच्यावर चालवली. लालपेठेला आकाशाखाली पडून असलेल्या अजस्र पाषाणमूर्ती पाहाव्यात: रायप्पा वैश्य नावाच्या धनिकाने त्या घडवून घेतल्या, ज्या देवालयासाठी घडवल्या ते कधीच पूर्ण झाले नाही, आणि दशमुखी आकृतीला लोक रावण मानून पूजतात.

वैनगंगेच्या काठचे मार्कंडा तर साक्षात मृत्यूशी झुंजलेले क्षेत्र होय. अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला रिक्त हस्ते परतावे लागले, ती कथा या मंदिरसमूहाशी निगडित आहे. मुख्य देवालयाच्या शिखरावर वीज कोसळून त्याचा भाग ढासळला, आणि त्याच प्रांगणात यमधर्माचेही देऊळ आहे. महाशिवरात्रीला येथे जो अफाट जनसमुदाय लोटतो, त्यातील किती भाविकांना यमाच्या द्वारी उभ्या असलेल्या दोन श्वानांचे स्मरण होत असेल?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हे दोन श्वान आहेत. चार डोळ्यांचे, रुंद नाकपुड्यांचे, सरमेचे पुत्र म्हणून ‘सारमेय’. मृताच्या वाटेवर ते पहारा करतात. चार डोळे म्हणजे काय, याचे एक स्पष्टीकरण आपल्या गावातच पाहावयास मिळते: काळ्या कुत्र्याच्या डोळ्यांवर तांबूस रंगाचे दोन ठिपके असले म्हणजे दुरून चार डोळ्यांचा भास होतो. पुढच्या ग्रंथांत त्या दोघांची नावे श्याम आणि शबल अशी येतात. एक काळा आणि दुसरा ठिपक्याठिपक्यांचा. मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बायकांच्या पुढे, किंवा गुरे घेऊन निघालेल्या गुराख्याच्या मागे जे कुत्रे चालतात त्यांना झाडीपट्टीतला, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या रानपट्ट्यातला, माणूस काय म्हणतो? काळ्या आणि कबऱ्या. यमलोकाच्या द्वारपालांचे नामकरण करताना प्राचीन ऋषींनी जी रीत अवलंबली, तीच रीत चिमूर किंवा धानोऱ्याच्या शेतकऱ्याने आपल्या अंगणातल्या पिल्लासाठी अवलंबावी, यात मला परंपरेचे विलक्षण सातत्य दिसते.

सरमेची कथा याहूनही हृदयस्पर्शी आहे. पणी नावाच्या असुरांनी पळवलेल्या गाईंचा माग काढणारी ऋग्वेदातली ही देवशुनी महाभारताच्या आरंभी माता म्हणून पुन्हा भेटते. जनमेजयाच्या भावांनी यज्ञमंडपात शिरलेल्या तिच्या निरपराध पुत्राला मारहाण केली, तेव्हा तिने राजाला जाब विचारला, उत्तर मिळाले नाही, आणि अकस्मात भय तुझ्यावर येईल असा शाप दिला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर एका कुत्रीच्या न्यायाचा प्रश्न उभा आहे, आणि अखेरीस स्वर्गाच्या वाटेवर युधिष्ठिरासोबत एक कुत्राच उरतो. तो मात्र पुन्हा अनाम. दत्तात्रेयाच्या पायाशी बसलेले चार श्वान वेदांची रूपे मानले जातात, भैरवाचे वाहन काळा श्वान; त्यांनाही स्वतःची नावे नाहीत.

नावानिशी स्मरणात राहिलेला मराठी मुलखातला श्वान पाहायचा तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला जावे. छत्रपती शाहू महाराजांचा ‘खंड्या’ तेथे समाधिस्थ आहे; शिकारीत वाघापासून त्याने धन्याला वाचवले आणि महाराजांनी त्याला सन्मान दिला, असे परंपरा सांगते. रायगडावरच्या ‘वाघ्या’चे स्मारक १९३६ चे असून त्याच्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, म्हणून तो वाद येथे बाजूला ठेवणे इष्ट, परंतु खंड्या आणि वाघ्या ही दोन्ही नावे खंडोबाच्या उपासनेच्या परिसरातली आहेत, हे ध्यानी घेतले पाहिजे. देवाचा भक्त आणि घराचा राखणदार यांना एकाच नावाने हाक मारण्यात आपल्या पूर्वजांना अनौचित्य वाटले नाही.

ब्रिटिश अमदानीत सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून ‘टॉमी’ आणि ‘टायगर’ बाहेर पडले आणि मालगुजारांच्या वाड्यांत शिरले. तेथून ते खेड्यापाड्यांत पोचायला फार काळ लागला नाही. ज्या ताडोबाच्या रानाभोवतालच्या गावांत खरा वाघ कुंपणाशी येतो आणि बिबट्या अंगणातून कुत्रा उचलून नेतो, तेथे कुत्र्याला ‘टायगर’ म्हणणारा माणूस त्याला बळच देऊ पाहत होता. लेकरे जगत नाहीत म्हणून मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा उकिरड्या ठेवणाऱ्या समाजाला नावाच्या संरक्षक शक्तीची चांगली ओळख होती. मृत्यूची दृष्ट चुकवण्यासाठी मृत्यूलाच नकोसे वाटेल असे नाव ठेवायचे, हा त्यामागचा विचार. गॉथिक नाव ठेवणाऱ्या आजच्या तरुणाच्या मनातही, त्याला ठाऊक असो वा नसो, भयाला घरात घेऊन माणसाळवण्याची हीच प्रेरणा काम करीत असावी. म्हणून त्याच्या हौसेला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

माझे म्हणणे इतकेच, की त्याने आपल्या पायांखालची भूमी आधी धुंडाळावी. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी झाडाझुडपांत हरवलेला चांद्याचा परकोट आपल्या श्रमांनी मोकळा केला, आणि आज त्याच्या बुरुजांवरून पायी फिरता येते. पिल्लाचे नाव ठरवण्यापूर्वी एक रविवार त्या तटावर अवश्य काढावा. कुत्री असेल तर ‘सरमा’ यासारखे नाव दुसरे नाही: हाकेला सोपे, शेवटी स्वर असल्याने दूरवर ऐकू जाणारे, आणि तीन हजार वर्षांच्या शोकाने व स्वाभिमानाने भारलेले. अंगावर ठिपके असतील तर ‘शबल’. ‘भैरव’ म्हणायला काही घरांतली वडीलधारी माणसे हरकत घेतील, कारण ज्याला रागावायचे, दटावायचे, त्याला देवाचे नाव कसे द्यावे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘मसण्या’ म्हटले तर आजीबाई प्रथम कानांवर हात ठेवतील, पण उकिरड्या नावाचे त्यांचे चुलते ऐंशी वर्षे जगले असतील तर त्याच पुढे त्या नावाचा कैवार घेतील. आणि कोणतेही नाव निवडले तरी महिन्याभरात अंगणातली मुले त्याला आपल्या बोलीत ओढून घेतात, शबलचा शबल्या होतो, रेवनचा रेवन्या होतो, आणि त्याच हाकेला कुत्रा ओ देऊ लागतो.