नोंद आढळली नाही

डोंबिवली स्टेशनच्या तिकीट खिडकीवर फार बोलावे लागत नसे. ‘एक रिटर्न ठाणा’ एवढे म्हटले की तिकीट हातात पडे. ३ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वेचे आरक्षण इंटरनेटवर सुरू झाले. सुरुवातीला तिकीट घरबसल्या काढायचे, पण छापील कागद कुरिअरने यायची वाट पाहायची, असा प्रकार होता. लोक हसले, कुरकुरले आणि शिकलेही. कारण कुठून, कुठे आणि कधी, एवढेच सांगायचे असते आणि स्टेशनांची यादी पक्की असते. कल्याण ते कल्याणच.

मग वापरायला सोपे करण्यास सर्वांत अवघड संकेतस्थळ कोणते? माझ्या मते, जिथे माणसाला जुन्या नोंदीतले आपले किंवा आपल्या माणसाचे नाव शोधायचे असते ते. जन्म-मृत्यूचे दाखले, मतदार यादी, घरपट्टी, सातबारा. दुकानाच्या संकेतस्थळावर गिऱ्हाईक अडले तर ते दुसऱ्या दुकानात जाते आणि मालकाला गल्ल्यावरून कळते. महापालिका मात्र एकच असते. शिवाय तिथे माणूस दहा वर्षांतून एकदा येतो. रोज येणाऱ्याचा हात बसतो, याचा बसत नाही.

१९८३ साली स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महापालिका संगणकाच्या बाबतीत राज्यात पुढे होती. या शतकाच्या सुरुवातीलाच तिने नागरी सुविधा केंद्र उभे केले. अर्ज एका जागी द्यायचा, पावती घ्यायची आणि दिलेल्या तारखेला यायचे. पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांनी हाच नमुना उचलला. टेबलाटेबलांवर फिरणाऱ्या माणसाला याचे मोल विचारा! पण केंद्रात खिडकीपलीकडे माणूस होता. संकेतस्थळ आले तेव्हा खिडकीपलीकडचे काम आपल्याकडे आले. त्या माणसाची जाण मात्र आली नाही.

ती जाण म्हणजे काय? काळे घ्या. इंग्रजीत लिहिले की ळ हरवतो आणि यंत्राने पुन्हा मराठीत आणले की काळ्यांचे ‘काले’ होतात. ज्ञानेश्वर इंग्रजीत कोणी डीपासून लिहितो, कोणी जीपासून, कोणी जेपासून. माझ्या समाजात तर विचारूच नका. मोहम्मद, महंमद, मुहम्मद, शेख, शेक, जैबुन्निसा, झेबुन्निसा. उर्दूतल्या त्या अक्षरासाठी हिंदी माणूस ज खाली नुक्ता देतो, मराठी माणूस कधी ज लिहितो, कधी झ. मीही मराठीत लिहिणारा, नुक्ता देत नाही. कारकुनाला हे सगळे एकच वाटे, यंत्राला ती वेगवेगळी माणसे वाटतात.

त्यात फॉन्टचा घोळ. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे तो रुळायला बरीच वर्षे गेली. तोवर ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. एका यंत्रावरचे मराठी दुसऱ्यावर उघडले की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे.

यावर उपाय शोधणारे पूर्वीही होते. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. आडनावाचे पहिले अक्षर ठेवायचे आणि पुढच्या सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. तिथे १९३५ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा आला. अनेकांकडे जन्मदाखलाच नव्हता. मग जुन्या जनगणनांच्या नोंदी याच पद्धतीने कार्डांवर लावून त्यांतून वयाचे पुरावे काढून दिले गेले. संगणक यायच्या आधीची ही गोष्ट! आपण ती जशीच्या तशी उचलली तर चालणार नाही, कारण पहिले अक्षर ठेवले की ज्ञानेश्वर तीन ठिकाणी विखुरणार. मराठीसाठी ज-झ, ल-ळ, न-ण यांचा हिशेब मराठीतच बसवावा लागेल.

आणि हे काम आता टाळता येणार नाही. २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. आज नोंदीत चुकलेला एक काना त्या मुलाबरोबर अठरा वर्षे चालत जाईल.

माझ्या आईच्या मृत्यूचा दाखला मला घर नावावर करण्यासाठी हवा होता. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव मी सात तऱ्हांनी घालून पाहिले. दरवेळी उत्तर एकच, ‘नोंद आढळली नाही’. आईबद्दल असे वाक्य सात वेळा वाचणे बरे वाटत नाही. शेवटी कार्यालयात गेलो. निवृत्तीला आलेल्या कारकुनाला म्हटले, ‘भाऊसाहेब, नाव असे आहे...’ त्यांनी हात वर केला. ‘चाचा, नाव राहू द्या. तारीख सांगा.’

संकेतस्थळावर नावाशिवाय नुसत्या तारखेने शोधायची सोयच नव्हती. त्यांनी जाड वही काढली, त्या दिवसाचे पान उघडले आणि बोट खाली नेत गेले. चौथ्या ओळीवर आई होती. झ चा ज झाला होता, न्न चा न. वडिलांचे नाव, पत्ता, वय, सगळे बरोबर होते.