हाताचे पांघरूण

धोतर नेसतात, बंडी घालतात, पटका बांधतात आणि घोंगडी पांघरतात. वस्त्राच्या या चार क्रियापदांत आपल्या पूर्वजांनी देहाची जी वाटणी करून ठेवली, तीत थंडीचा बंदोबस्त हे काम मुख्यत्वेकरून चौथ्या क्रियापदाकडे सोपविलेले होते. पहिली तीन लज्जेसाठी, कामासाठी आणि प्रतिष्ठेसाठी. पांघरणे मात्र उबेसाठी. शतकानुशतके ही वाटणी निर्वेधपणे चालली, आणि मग जळकोट-उदगीरच्या सडकेवर दोन चाकांचे असे एक वाहन आले की ज्याच्यावर बसल्यावर माणसाला सर्व काही करता येत होते, केवळ पांघरता येत नव्हते. एका क्रियापदाच्या या पराभवाची हकीकत म्हणजेच आमच्या बाजूच्या हिवाळी पोशाखाचा अलीकडचा इतिहास होय.

जळकोट म्हणताच पुष्कळांना नळदुर्गाशेजारचे, पुणे-हैदराबाद मार्गावरचे गाव आठवते. येथे अभिप्रेत आहे ते उदगीरच्या उत्तरेस, कंधार आणि मुखेडच्या शेजारास असलेले, बालाघाटाच्या उंचसखल माळावरचे जळकोट. उदगीर तालुक्याचा हा मुलूख निजामी अमदानीत बीदर जिल्ह्यात मोडत असे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबादकडे आला, 1982 मध्ये लातूर जिल्हा निराळा झाल्यावर त्यात गेला, आणि 1999 मध्ये जळकोट स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले. दप्तरे अशी फिरत राहिली तरी हवा फिरली नाही. मार्गशीर्षापासून माघापर्यंत येथील किमान तापमान साधारणतः 12 ते 14 अंशांच्या आसपास असते, आणि उत्तरेकडून शीत लहर उतरली की ते एकअंकी होते. हिमालयाच्या रहिवाशाला हे आकडे हास्यास्पद वाटतील. परंतु मे महिन्यात 40 अंशांच्या वर भाजून निघालेल्या कातडीला डिसेंबरची पहाट किती झोंबते, ते त्या कातडीलाच ठाऊक.

या थंडीवरचा पिढीजात उतारा घोंगडी. मराठीतली ही घोंगडी तेलुगूत गोंगडी होते, आणि कन्नड माणूस तिला कंबळी म्हणतो. तिन्ही भाषांच्या सरहद्दीवर मेंढरे हाकणाऱ्या धनगराने आपले वस्त्रही असे तिन्ही भाषांत फिरविले. दख्खनी मेंढीची लोकर काळी, आखूड आणि राठ. वर्षातून दोनदा ती कातरायची, धनुकलीने पिंजायची, बायांनी तिचे सूत काढायचे, आणि खुटेकर धनगरांनी किंवा सणगरांनी चिंचोक्यांची खळ पाजून, ताण्यावर कुंचा फिरवून, ती मागावर विणायची. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. तिच्या घोंगडीचा मऊपणा आणि मोल दोन्ही निराळे. पाऊस आला की याच घोंगडीची खोळ होई, रात्री तिचे अंथरूण होई, आणि पहाटे राखणीला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर ती पुन्हा पांघरूण होऊन बसे. जाड सुताची पासोडी ही तिची धाकटी बहीण. तिचा लौकिक मात्र या प्रदेशात सर्वांत मोठा, कारण संतकवी दासोपंतांनी (1551–1615) आपले पंचीकरण ज्या सुमारे 40 फूट लांबीच्या वस्त्रावर लिहिले ती पासोडी आजही अंबाजोगाईस जतन केलेली आहे. ज्या प्रांतात तत्त्वज्ञान लिहावयासही पांघरूणच हाताशी यावे, तेथे पांघरणाऱ्यांचे राज्य किती दृढ असेल, याची कल्पना यावरून यावी.

आता या राज्याची एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही ती अशी की, पांघरुणाने हातांचा प्रश्न कधी उत्पन्नच होऊ दिला नाही. घोंगडी पांघरून उभा असलेला मेंढका पाहावा: त्याचे दोन्ही हात आत, छातीपाशी, देहाच्या उबेत असतात, आणि आतूनच एका मुठीने त्याने घोंगडीचा काठ धरलेला असतो. गाडीवान कासरा धरण्यापुरता एक हात बाहेर काढतो आणि तो गारठला की दुसऱ्याला पाळी देतो. नांगरणाऱ्याचे हात उघडे असले तरी ते राबत असतात, आणि राबणाऱ्या हाताला रक्त कमी पडत नाही. म्हणूनच हाताच्या वस्त्राला आमच्याकडे निराळा शब्द झाला नाही: पायात घालायचा तो मोजा फारसीतून आला, आणि त्याच शब्दाला हात जोडून आम्ही हातमोजा हा सामासिक शब्द तयार केला. हैदराबादी उर्दूतला दस्ताना कानावर पडत होता, पण खेड्यातल्या हाताला त्याचे प्रयोजनच नव्हते.

ते प्रयोजन सायकलीने निर्माण केले. निजामी राज्याची स्वतःची करोडगिरी असल्यामुळे बाहेरून येणाऱ्या मालावर सरहद्दीवरच जकात पडे, आणि रॅले किंवा बी.एस.ए.सारखी विलायती सायकल ही अंमलदारांच्या आणि सुखवस्तूंच्या ऐपतीतलीच वस्तू राही. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतात विलीन झाले. त्याच सुमारास देशी कारखाने उभे राहू लागले, 1951 मध्ये सोनपतला ॲटलस आणि 1956 मध्ये लुधियान्याला हीरो सायकली निघू लागल्या, आणि काळ्या रंगाचे, मागे भक्कम कॅरिअर असलेले हे वाहन हळूहळू शिक्षकाचे, पोस्टमनचे, दूधवाल्याचे झाले. रेल्वे उदगीरवरून जाते. तेथून जळकोटकडे यायचे तर सडकच. पहाटेच्या अंधारात कॅन लटकावून निघणाऱ्या माणसाच्या लक्षात पहिल्याच हिवाळ्यात आले असेल की घोंगडी आता निरुपयोगी झाली: तिचा पदर चाकात जातो, साखळीत अडकतो, आणि समोरच्या वाऱ्याने ती शिडासारखी फुगून सायकलीलाच मागे ओढते.

त्यातून सायकलस्वार आपला वारा आपणच उत्पन्न करतो. सायपल आणि पॅसेल या दोघा अमेरिकनांनी 1941 मध्ये अंटार्क्टिकावर पाण्याची नळकांडी वाऱ्यात टांगून, वारा उष्णता किती त्वरेने हरण करतो याचे मापन केले. आजच्या कोष्टकाप्रमाणे 10 अंशांच्या हवेत ताशी 20 किलोमीटर वेगाचा वारा लागला तर उघड्या कातडीला ती हवा सुमारे 7 अंशांची वाटते. पुन्हा बालाघाटाचा चढ येतो तेव्हा घाम फुटतो, आणि उतार लागताच तोच घाम बर्फ होऊन पाठीला चिकटतो. एकच जाड वस्त्र येथे शत्रू ठरते. चढाला काढता येईल आणि उताराला चढविता येईल अशी पुटे हवीत.

ही पुटांची विद्या आमच्या माणसाला कोणी शिकविली नाही. अंगालगत बंडी, तीवर सदरा, सदऱ्यावर घरी विणलेला स्वेटर, आणि सर्वांवर जुना कोट, अशी त्याने आपली उतरंड रचली; मफलर गळ्याभोवती घेऊन त्याची टोके छातीवर फुली करून कोटात खोचली, कानटोपी घातली, आणि फारच झोंबू लागले तर सदरा आणि स्वेटर यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी सरकविली. फ्रान्सच्या विख्यात शर्यतीतले स्वारही डोंगरमाथ्यावरून उतरण्यापूर्वी हीच युक्ती करीत. पायघोळ विजार साखळीत जाऊ नये म्हणून पायाभोवती गुंडाळलेली पट्टी तर आमचीच; इंग्रजी फौजेने ती उचलली आणि शब्दासकट विलायतेला नेली. एका बाबतीत मात्र आमचा स्वार फसला, ती म्हणजे अंगालगतचे सूत. सुती बंडी घाम पिते आणि ओली राहते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही ओली वाटत नाही. परंतु दख्खनी लोकर इतकी टोचरी की ती कातडीलगत घालण्याचे धैर्य कोणास व्हावे? उबेचा उत्तम ऐवज घरात असूनही तो उंबऱ्यावरच राहिला.

आणि हात? हातांना उतरंड नव्हती. हँडलवर ते स्थिर, उघडे, वाऱ्याच्या तोंडी आणि देहापासून सर्वांत दूर. शिवाय लोखंडी ब्रेकची दांडी हातांतली होती नव्हती ती ऊब ओढून घेणार. लहानपणी पाहिलेले एक मास्तर मला आठवतात. ते पायमोज्यांचा जुना जोड हातांत चढवून शेजारच्या खेड्यातून येत, आणि शाळेच्या अलीकडे लिंबाच्या झाडाखाली उतरून तो जोड काढून घाईने कोटाच्या खिशात घालीत. पायाची वस्तू हातात घातलेली विद्यार्थ्यांनी पाहू नये, एवढाच त्यातला संकोच. परंतु शास्त्राच्या दृष्टीने मास्तरांचेच बरोबर होते. पाच बोटांना पाच निराळ्या खोल्या देणाऱ्या हातमोज्यापेक्षा, चार बोटांना एकाच पिशवीत ठेवणारा मोजा अधिक उबदार असतो, कारण बोटे एकमेकांस ऊब देतात. एका वाकळेखाली निजणाऱ्या भावंडांना हा सिद्धांत समजावून सांगावा लागत नाही. अडचण इतकीच की अशा मोज्यात ब्रेक दाबावयास बोटे मोकळी राहत नाहीत.

आज दुकानांतून वारा अडविणारी कृत्रिम धाग्याची जाकिटे आणि पकड न सुटणारे हातमोजे मिळतात, मास्तरांच्या वाटेने मोटारसायकली धावतात, आणि दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून कातरण्याची मजुरीही सुटत नसल्याची मेंढपाळांची तक्रार असते. तथापि उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत दुचाकीच्या हँडलवर जाड कापडाच्या पिशव्या कायमच्या चढविलेल्या दिसतात. हात त्यांत सारावयाचे, आणि ब्रेक, मूठ, मनगट सर्व आतल्या आत. प्रथम पाहिले तेव्हा मला ती वस्तू नवी वाटली नाही. वारा बाहेर, हात आत, आणि आतूनच धरलेली मूठ: मेंढक्याची घोंगडी ती हीच, फक्त आता ती माणसाऐवजी वाहनाने पांघरली आहे. जीर्ण घोंगडीचे दोन तुकडे, दाभण आणि सुतळी एवढ्यावर ती जळकोटच्या कोणत्याही ओसरीवर शिवून होईल. आणि तेथे लोकर टोचण्याचीही धास्ती नाही, कारण हाताला ती घालायची नसून पांघरायची आहे.