कीटो (जुने शहर)

एक्वादोर या दक्षिण अमेरिकेतील देशाची राजधानी व प्रसिद्ध ऐतिहासिक शहर. लोकसंख्या महानगर जिल्ह्यासह २२,३९,१९१ (२०१०). २०२२ च्या जनगणनेनुसार सु. २७ लाख. अँडीज पर्वतराजीत, पिचिंचा ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर समुद्रसपाटीपासून सु. २,८५० मी. उंचीवर हे वसले आहे. विषुववृत्त शहराच्या उत्तरेस सु. २५ किमी.वरून जाते. त्यामुळे सूर्य बारमाही सहाच्या सुमारास उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो, उंचीमुळे हवा मात्र थंड असते (सरासरी तापमान सु. १४° से.). शहराचा विस्तार दक्षिणोत्तर, अरुंद पट्ट्यासारखा आहे. पट्ट्याच्या मध्यावर असलेले जुने शहर हा या नोंदीचा मुख्य विषय होय. पोलंडमधील क्राकूबरोबर १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले ते जगातील पहिले शहर ठरले.

इतिहास : पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रदेश इंका साम्राज्यात आला आणि वाइना कापाक या सम्राटाच्या काळात साम्राज्याचे उत्तरेकडील प्रमुख ठाणे बनला. स्पॅनिश फौजा जवळ येताच सेनापती रुमिन्यावीने १५३४ मध्ये शहर पेटवून दिले, त्यामुळे इंकाकालीन वास्तू जवळजवळ उरल्या नाहीत. त्या राखेवर सेबास्त्यान दे बेनाल्कासारने ६ डिसेंबर १५३४ रोजी स्पॅनिश वसाहत उभी केली. १५४५ मध्ये येथे बिशपचे पीठ आले व १५६३ मध्ये न्यायप्रशासनाचे केंद्र (रेआल आउदिएन्सिया) झाले. १० ऑगस्ट १८०९ रोजी स्थानिक सरदार-वकिलांनी स्वतःचे शासनमंडळ स्थापले. ते फार टिकले नाही, पण एक्वादोरमध्ये ‘स्वातंत्र्याचा पहिला पुकार’ म्हणून तो दिवस राष्ट्रीय सण आहे. २४ मे १८२२ रोजी आंतोनिओ होसे दे सुक्रेच्या सैन्याने पिचिंचाच्या उतारावर स्पॅनिश फौजेचा पराभव केला. पुढे काही वर्षे हा भाग ग्रान कोलोंबियात होता. १८३० पासून कीटो ही स्वतंत्र एक्वादोरची राजधानी आहे.

जुन्या शहराची रचना नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी काटकोनी दिसते, पण प्रत्यक्षात जमीन तशी नव्हती. पिचिंचावरून उतरणाऱ्या खोल घळींनी ती चिरलेली होती. स्पॅनिश आखणी या घळींवर लादली गेली आणि कमानी बांधून, भराव टाकून त्या एकेक करून झाकल्या गेल्या. त्यांतले पाणी मात्र आजही डोंगरावरूनच येते. ३१ जानेवारी २०२२ रोजी जुन्या शहराच्या उत्तरेकडील ला गास्का वस्तीत अशाच एका घळीतून चिखलाचा लोंढा येऊन पंचवीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

येथील चर्च व मठ बांधणारे, कोरणारे व रंगवणारे हात बहुतांशी किचुआ भाषिक आदिवासींचे व मिश्रवंशीयांचे होते. फ्रान्सिस्कन साधूंनी सोळाव्या शतकाच्या मध्यास सान आन्द्रेस ही शाळा काढून आदिवासी मुलांना चित्रकला, शिल्प व गवंडीकाम शिकवले. त्यातून ‘कीटो शैली’ उदयास आली. मिगेल दे सान्तियागो व निकोलास हाविएर दे गोरिबार हे तिचे चित्रकार. बेर्नार्दो दे लेगार्दा आणि आदिवासी कुळातील मान्वेल चिली ऊर्फ कास्पिकारा हे शिल्पकार. या शैलीतील लाकडी मूर्तींचे चेहरे व हात जिवंत त्वचेसारखे चकाकतात. त्यासाठी रंगाचे थर देऊन ते प्राण्याच्या मऊ मूत्राशयाने घासले जात. संस्थापक सेनानींची नावे सर्वत्र कोरलेली आहेत. पाहणाऱ्याने या कारागिरांकडे जास्त लक्ष द्यावे, कारण शहराला वारशाचा मान मिळाला तो त्यांच्या कामामुळे.

पायी फेरीचा मार्ग : मुख्य वास्तू एकमेकींपासून काही मिनिटांच्या अंतरावर असल्याने वाटाड्याशिवाय त्या पाहता येतात. पुढील क्रम साधारणपणे उताराच्या दिशेने आहे. अंतर तीन ते चार किमी. भरते, पण विरळ हवेत दम लवकर लागतो. पहिल्या दिवशी सावकाश चालणे बरे. सकाळी ऊन व दुपारनंतर पाऊस हा पावसाळ्यातील (ऑक्टोबर ते मे) नित्याचा क्रम असल्याने सुरुवात सकाळी करावी.

फेरीचा आरंभ उत्तरेकडील चढावरच्या राष्ट्रीय नवस बासिलिकापासून करावा. १८९२ मध्ये पायाभरणी झालेले हे नवगॉथिक चर्च १९८८ मध्ये अभिषिक्त झाले. युरोपातील अशा चर्चांवर पन्हाळीच्या तोंडाशी काल्पनिक राक्षस असतात. येथे त्यांच्या जागी कासवे, इग्वाना, आर्माडिलो असे एक्वादोरचेच प्राणी आहेत. मनोऱ्यांवर शिड्यांनी चढता येते व पुढच्या सगळ्या मार्गाचा अंदाज तेथूनच येतो.

व्हेनेसुएला रस्त्याने दक्षिणेस उतरल्यावर स्वातंत्र्य चौक (प्लाझा ग्रांदे) लागतो. मध्यभागी १९०६ मध्ये उभारलेला १८०९ च्या वीरांचा स्तंभ आहे. पायथ्याशी घायाळ सिंह (स्पेन) पळ काढताना दाखवला असून वर कोंडोर पक्ष्याच्या चोचीत तुटलेली साखळी आहे. पश्चिमेस राष्ट्राध्यक्षांचा कारोन्देलेत प्रासाद असून त्याच्या दगडी जोत्यात जुनी छोटी दुकाने आहेत. याच प्रासादाच्या सज्जाशी ६ ऑगस्ट १८७५ रोजी राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल गार्सिया मोरेनो यांच्यावर फाउस्तिनो रायो व त्याच्या साथीदारांनी कोयत्याने व पिस्तुलांनी हल्ला करून त्यांचा खून केला. कट्टर कॅथलिक व हुकूमशाही वृत्तीचे हे शासक. रस्ते, शाळा व वेधशाळा मात्र त्यांनीच उभारल्या. त्यांच्याविषयी एक्वादोरमध्ये अजून एकमत नाही.

दक्षिण बाजूचे कॅथेड्रल चौकाला पाठ नव्हे, पण कूस देऊन उभे आहे. घळीमुळे इमारतीला आडवी जागाच मिळाली. सोळाव्या शतकातील या वास्तूत सुक्रे यांची समाधी आहे. १८३० मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे अवशेष एका मठात सापडले ते १९०० मध्ये. १८७७ च्या गुड फ्रायडेला आर्चबिशप होसे इग्नासिओ चेका यांना येथेच विधीच्या द्राक्षारसातून स्ट्रिक्नीन देऊन मारण्यात आले. येशूजन्माच्या एका चित्रात बाळाकडे डोकावणारा लामा दिसतो. तो बारकाईने शोधावा. कीटो शैलीचा स्वभाव त्यात एका नजरेत कळतो. शेजारचे एल साग्रारिओ हे चर्च झाकलेल्या घळीवर उभे आहे. त्यातील लेगार्दाने घडवलेला सोनेरी लाकडी पडदा प्रेक्षणीय. लगतच्याच घरात मान्वेला कान्यिसारेस या बाईंकडे ९ ऑगस्ट १८०९ च्या रात्री बंडवाले जमले होते. समोरच्या सांस्कृतिक केंद्रात, जुन्या लष्करी बराकीच्या तळघरात, २ ऑगस्ट १८१० रोजी कोठडीत कापल्या गेलेल्या देशभक्तांचा प्रसंग मेणाच्या पुतळ्यांतून उभा केला आहे.

तेथून काही पावलांवर ला कोंपान्यिया हे जेझुइट चर्च आहे. बांधकाम १६०५ मध्ये सुरू होऊन १७६५ मध्ये पुरे झाले आणि लगेच दोन वर्षांनी स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साम्राज्यातूनच घालवून दिले. जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बासिलिकाही याच संघाची. ती १६०५ मध्येच अभिषिक्त झाली. तिची जांभ्याची गंभीर दर्शनी भिंत आणि कीटोतील करड्या ज्वालामुखी दगडात पीळ देऊन कोरलेले सहा खांब ज्यांनी दोन्ही पाहिले, त्यांना एकाच संघाने दोन मुलुखांत स्थानिक दगड व स्थानिक हात कसे वापरले हे उमगते. दर्शनी भाग लेओनार्द डॉइब्लरने १७२२ मध्ये सुरू केला व व्हेनान्सिओ गांदोल्फीने पुरा केला. आत भिंती, कमानी, छत सर्वांवर सोन्याचा वर्ख असून खांबांवर स्पेनमधील मूर कारागिरीतून आलेल्या भौमितिक नक्षीचे जाळे आहे. सात टन सोने लागल्याचे वाटाडे सांगतात, ते पटण्यासारखे नाही. एवढ्या सोन्याचा वर्ख ठोकला तर तो लाखो चौ. मीटर पृष्ठभाग मढवील. प्रवेशाजवळ एका बाजूला खरा गोल जिना आहे. समोरच्या भिंतीवर जागा नव्हती, म्हणून तोल साधण्यासाठी तसाच जिना रंगवला आहे. थोडे मागे सरकून पाहिल्यास दोहोंतला फरक क्षणभर कळत नाही. नरक व अंतिम न्यायाची मोठी चित्रे १८७९ मधील नकला आहेत. मुख्य वेदीखाली मारियाना दे हेसुस (१६१८–४५) या पहिल्या एक्वादोरी संत स्त्रीचे अवशेष आहेत. १९९६ मध्ये डागडुजी चालू असताना आग लागून येथील बरेच काम जळाले. पुन्हा वर्ख चढवण्यास कित्येक वर्षे गेली. ज्याला कीटोत एकच वास्तू पाहण्याइतका वेळ असेल, त्याने ही पाहावी.

सुक्रे रस्त्याने वर गेले की सान फ्रान्सिस्को चौक येतो. इंकाकाळी येथे बाजार भरे व उतरता चौक आजही मोकळाच ठेवला आहे. त्याच्या कडेचा मठ शहराच्या स्थापनेनंतर लगेच, फ्लेमिश साधू होदोको रिके यांच्या पुढाकाराने सुरू झाला व त्याची बांधणी शतकाहून अधिक काळ चालली. येथे पहिला गहू रिके यांनी पेरला अशी परंपरा आहे. १८६८ च्या भूकंपात मनोरे पडले; आजचे ठेंगणे मनोरे नंतरचे. मुख्य वेदीवर लेगार्दाची ‘कीटोची कुमारी’ (१७३४) आहे : पंख असलेली, साखळदंडातील सर्पावर जणू नाचत उभी. मेरीची अशी गतिमान मूर्ती त्या काळच्या स्पॅनिश अमेरिकेत विरळाच. समोरच्या दगडी ओट्याविषयी कांतुन्या नावाच्या आदिवासी गवंड्याची दंतकथा घरोघरी सांगितली जाते. ओटा एका रात्रीत पुरा करण्यासाठी त्याने सैतानाशी आत्म्याचा सौदा केला, पण पहाटे एक दगड बसवायचा राहिला आणि आत्मा वाचला.

चौकाच्या पश्चिमेस क्रूस व्हेर्दे भागात कोलासिओनेस नावाची मिठाई पारंपरिक रीतीने बनते. निखाऱ्यांवर दोरांनी टांगलेल्या पितळी-तांब्याच्या कढईत शेंगदाणे वा बदाम घालून ती झुलवतात आणि थोडा थोडा पाक सोडत जातात. दाण्यावर पांढरे काटेदार कवच चढत जाते. संक्रांतीचा हलवा करणाऱ्यांना ही कृती परकी वाटणार नाही.

पुन्हा गार्सिया मोरेनो रस्त्यावर येऊन दक्षिणेस गेल्यास राणीची कमान, कार्मेन आल्तो मठ व समोर शहर संग्रहालय आहे. संग्रहालयाची इमारत म्हणजे १५६५ मध्ये सुरू झालेले व १९७४ पर्यंत चाललेले रुग्णालय. आदिवासी बापाचा मुलगा, वैद्य व एक्वादोरचा पहिला वृत्तपत्रकार एउखेनिओ एस्पेहो (१७४७–९५) येथेच वैद्यक शिकला. त्याच्या लिखाणामुळे त्याला तुरुंगवास घडला. १८०९ च्या उठावाची वैचारिक पूर्वतयारी त्याने केली असे अनेक इतिहासकार मानतात. त्या मानाने त्याची स्मारके कमीच.

मार्ग पुढे ला रोंदा या वळणावळणाच्या अरुंद गल्लीत उतरतो. झाकलेल्या घळीची कड धरून ती जाते, म्हणूनच काटकोनी शहरात ती एकटी वाकडी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गायक-कवींचा वावर असलेली ही गल्ली पुढे मोडकळीस आली. आता दुरुस्त घरांत टोपीवाले, भोवरे करणारे असे कारागीर दुकाने मांडून आहेत. संध्याकाळी दालचिनी व उसाच्या दारूचे गरम कानेलासो मिळते. गल्लीच्या टोकाकडून वर सान्तो दोमिंगो चौक. तेथील सुक्रे यांचा पुतळा (१८९२) बोटाने पिचिंचाचे रणांगण दाखवतो. ग्वायाकिल रस्त्याने उत्तरेस परतताना सान आगुस्तिन मठ लागतो. त्याच्या सभागृहात १६ ऑगस्ट १८०९ रोजी नव्या शासनमंडळाला जाहीर मान्यता देण्यात आली. ओवऱ्यांत मिगेल दे सान्तियागोची चित्रे आहेत. फेरी सुक्रे नाट्यगृहापाशी (१८८६) संपवावी.

दक्षिणेकडील पानेसियो टेकडीवर लेगार्दाच्या कुमारीची ॲल्युमिनियमच्या सु. ७,००० तुकड्यांची प्रचंड प्रतिकृती १९७० च्या दशकात उभारली. तेथे पायी चढू नये; वाटेत लूटमार होते, टॅक्सी करावी.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या मध्यास श्रीमंत कुटुंबे उत्तरेकडे गेली व वाड्यांत खोली-खोलीने भाडेकरू आले. १९८७ च्या भूकंपानंतर जतनासाठी खास निधी स्थापन झाला. २००३ मध्ये हजारो फेरीवाल्यांना रस्त्यांवरून व्यापारी संकुलांत हलवण्यात आले. रस्ते मोकळे झाले, इमारती उजळल्या. रहिवासी मात्र घटत राहिले, आणि जतनाच्या कामातील ही मोठी उणीव आहे. ट्रॉलीबस १९९५ पासून आहे. २२ किमी. लांबीची, १५ स्थानकांची मेट्रो डिसेंबर २०२३ मध्ये नियमित सुरू झाली. तिचे एक स्थानक सान फ्रान्सिस्को चौकाखाली आहे. विमानतळ २०१३ पासून शहराबाहेर ताबाबेला येथे आहे.

शहरात कापड, खाद्यप्रक्रिया इ. उद्योग चालतात, परिसरातील गुलाबांची निर्यात होते. २००० पासून अमेरिकन डॉलर हे चलन आहे.