तीन मिनिटांची तबकडी, रात्रभराची दंडार

घरातल्या तबकड्या, कॅसेटी सध्या ओळीने ऐकतोय. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. त्या काळच्या दहा इंची तबकडीत जेमतेम ३ मिनिटं मावत. खयाल त्यात कसाबसा बसवला; पण आमच्या झाडीपट्टीची दंडार रात्रभराची, ती मावणार कुठं? कॅसेट आली, एका बाजूला ३०-४५ मिनिटं मिळाली. माझ्या पेटीतली खडी गंमत कुणीतरी मंडपात बसूनच टेप केलेली आहे. राजेहो, आपला इतिहास असा घराघरात पडलाय आणि फितीला बुरशी लागतेय. भंगारात देण्याआधी ऐका. कलाकार, गाव, साल लिहून ठेवा. जिल्हा ग्रंथालयाने या फितींच्या डिजिटल प्रती कराव्यात, ही मागणी आपणच लावून धरू.